जानरावचं तीन नंबरचं जहाज

भिलाईपासून समुद्र किती लांब आहे, असं एखाद्या रेल्वेवाल्याला विचारलं तर तो अंतर सांगत नाही. गाडी कुठे कुठे बदलायची ते सांगतो. त्यावरून समुद्र चांगलाच लांब असावा. तरीसुद्धा एकसष्ट साली तिथल्या खुर्सीपार वस्तीच्या पलीकडे एक जहाज होतं. त्याला नंबर होता, त्याच्या जागा आगाऊ धरलेल्या होत्या, आणि त्याच्या अपघाताची सरकारी चौकशीही लागली होती. नव्हता तो फक्त अपघात.

हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो जानराव फुंडे भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये रिगर होता. म्हणजे दोरखंड आणि कप्प्या लावून हत्तीएवढाली यंत्रं उचलायची आणि सुनेला पाटावर बसवावं तशी अलगद जागेवर बसवायची, हे त्याचं काम. दहा टनांचा बोजा त्याला कधी जड गेला नाही. त्याला जड गेलं ते बायकोचं एक वाक्य.

"दसरा झाला का मी चालली गावी," मैनाबाई ताटात भात वाढता वाढता म्हणाली.

"कितीक दिवसासाठी?"

"दिवसासाठी नाई जी. राहासाठी."

जानरावचा घास हातातच राहिला. "कावून? काय कमी हाये अथी? पक्कं घर हाये, बिजली हाये, नळ हाये..."

"नळाचं नावच नोका काढू! घडीभर पाणी देते अन् दिवसभर नुसता फुसफुस करून राहते. मी वैनगंगेच्या काठची बाई. मले पाणी डोयानं दिसाले पाहिजे. अथी पाहा तं धूळ, धुराडं अन् भोंगा. शामदादाले सांगतलं मी. तो नेऊन घालते मले."

शामदादा म्हणजे मैनाबाईचा थोरला भाऊ शामराव. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायचा, मालगाडीवर गार्ड होता. गार्डाने एकदा 'नेऊन घालतो' म्हटलं की ब्रह्मदेवालाही ती गाडी थांबवता येत नाही.

आता बायको गावी गेली तर काय होतं, हे भिलाईबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. क्वार्टर मिळायचं ते बायको सोबत राहत असेल तरच. बायको गेली की क्वार्टर गेलं, आणि नवरा परत बराकीत. बराकीत एका खाटेला तीन मालक, तीन पाळ्यांचे. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच गरम गादीवर येऊन पडणार. जानरावने असे दिवस काढले होते. तिथल्या खाटेला त्याच्यापेक्षा जास्त ओव्हरटाइम पडायचा. पण खरं कारण ते नव्हतंच. मैनाबाई समोर बसलेली नसली की जानरावला भात गिळत नसे. हे तो तिला सांगू शकला असता. पण लग्नाच्या बायकोला असलं काही तोंडाने सांगायची त्यांच्या घराण्यात चाल नव्हती. त्यापेक्षा जहाज बांधणं सोपं.

तर असं जहाज डोक्यात आलं. खुर्सीपारच्या पलीकडे, रस्ते आणि पाये भरायला जिथून मुरूम उपसला होता, तिथे एक मोठी खदान पडलेली होती. त्या साली पाऊस असा झाला की खदान काठोकाठ भरली. या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ती कुजबूज म्हणून पोहोचायची. सांजेला प्लांटकडे तापलेला लोखंडाचा मळ ओतला की आभाळ तांबडं व्हायचं आणि पाणीसुद्धा. जानराव काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "मैनेले वैनगंगा पाहिजे ना? घे. अथीच घे."

नुसती बायकोसाठी नाव बांधली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण शेजारी कृष्णराव राहत होते. कृष्णराव प्लांटच्या नियोजन खात्यात बाबू. दुसरी पंचवार्षिक योजना संपून तिसरी नुकतीच लागली होती आणि तिचं वारं त्यांच्या अंगात भरलं होतं. घरी लोणचं घालायचं तरी ते आधी पाच वर्षांच्या खपाचा अंदाज काढत.

"एक नाव?" कृष्णराव हसले. "जानराव, तू विचारच लहान करून राहिला. आज भिलाईत माणसं किती? दहा वर्षांनी किती होतील? प्रत्येकाला आठवड्यात एक सुट्टी. सुट्टीच्या दिवशी माणूस जाईल कुठे? सुपेल्याच्या बाजारात जाईल, धक्के खाईल, घरी येईल. जलविहाराची मागणी इथे ठासून भरली आहे. हात लावायचा अवकाश, नुसती फुटेल!"

"माहं तं फक्त मैनेसाठी..."

"पासष्ट सालापर्यंत तुला निदान चौदा जहाजं लागतील. मला काळजी वाटते ती पुरवठ्याची."

जानरावलाही मग काळजी वाटायला लागली. अजून एक फळी जोडली नव्हती, आणि तेरा जहाजं कमी पडायला लागली होती. रात्री कूस बदलताना त्याच्या डोळ्यांपुढे चवताळलेले उतारू येत, तिकीट मागत.

जहाज मात्र झकास झालं. डांबराचे रिकामे पिंप सुपेल्याच्या भंगारवाल्याकडून आणले. वरच्या फळ्या रशियाहून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांच्या. त्या काळी भिलाईत निम्म्या घरांची फडताळं त्याच लाकडाची असत. खिळा एकही नाही. सगळा कारभार दोरखंडाच्या गाठींवर, आणि गाठी रिगरच्या, म्हणजे जहाज फुटलं तरी गाठ सुटणार नाही अशा. फळ्यांवर रशियन अक्षरं आणि मोठाले बाण तसेच राहिले होते. त्याने जहाजाला परदेशी रुबाब आला. रशियन साहेबांच्या हाताखाली काम केलेल्या एका माणसाने ती अक्षरं वाचून सांगितलं, की 'ही बाजू वर' असं लिहिलंय आणि सगळे बाण पाण्याकडे आहेत. पण अशा माणसांकडे लक्ष दिलं असतं तर भिलाई उभीच राहिली नसती.

गल्लीत बातमी पसरली आणि कृष्णरावांचा अंदाज खरा ठरायला लागला. संध्याकाळी ओट्यावर गर्दी. सगळ्यांत पुढे गयाबाई. तिचा नवरा भट्टीवर कामाला होता, त्यामुळे पोलादाविषयीचा शेवटचा शब्द गल्लीत तिचाच असे.

"जानरावभाऊ, आमच्या पाच जागा धरा बरं. खिडकीजवळच्या."

"खिडकी नाई वहिनी, उघडंच हाये सारं."

"तं मंग साऱ्याच खिडकीजवळच्या. अन् जागा तिसऱ्या जहाजातल्या पाहिजे, आताच सांगून ठेवते."

"तिसऱ्या? वहिनी, आता पहिलंच तं..."

"पहिलं ट्रायलचं असते," गयाबाई म्हणाली. "माह्या घरचे भट्टीवर आहेत, मले शिकवू नोका. नव्या भट्टीचा पहिला ओत कोणी घेते का?"

"बरं मंग, दुसरं?"

"दुसऱ्यात पहिल्याच्या चुका दुरुस्त करते, अन् नव्या करते. तिसऱ्यापासून माल चांगला निंगते."

सगळ्या गल्लीने माना हलवल्या. यात हसण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही, कारण सगळे प्लांटचे लोक. यंत्र चालू झालं की पहिल्यांदा ते साहेबासाठी चालतं, दुसऱ्यांदा फोटोसाठी आणि तिसऱ्यांदा कामासाठी, हे तिथलं शेंबडं पोरही जाणून होतं. तासाभरात तिसरं जहाज भरलं. चौथं भरलं. पाचव्यातल्या जागांसाठी दोन घरांत बोलणं बंद झालं. पहिल्या जहाजाला एक उतारू मिळेना.

"अंदाज तंतोतंत आहे," कृष्णराव म्हणाले. "मागणीही आहे, पुरवठाही आहे. फक्त त्यांची एकमेकांशी गाठ पडायला चारेक वर्षं लागतील."

"अन् दसरा पंधरवड्यावर आला!" जानराव कळवळला. मैनाबाईला त्याने दोनदा विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली होती, "आधी चार लोक बसू द्या. मी काय एकटीच बुडू?" म्हणजे उतारू आले तर बायको येणार, आणि बायको आली तर राहणार.

माणूस अडचणीत सापडला की त्याला अक्कल सुचते. आणि ती अक्कलच पुढची अडचण असते. जानरावने रंगाचा डबा आणला आणि जहाजाच्या नाकावर दूरवरून वाचता येईल एवढा मोठा आकडा काढला: ३.

रविवारी जहाज पाण्यात उतरलं. अख्खी गल्ली काठावर. लोकांनी तीनचा आकडा पाहिला, खूश झाले, आणि गयाबाईने पाचही पोरं पुढे ढकलली. जहाजावर पहिलं पाऊल पडणार, तोच तिने विचारलं, "अन् भाऊ, एक अन् दोन नंबर कुठी हायेत?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हेच होतं. पहिलं खोटं तो रंग लावून करतो आणि दुसऱ्याची तयारीच करत नाही. शरमेने जानरावने मान खाली घातली आणि तो पाण्याकडे पाहत राहिला. त्याच्याबरोबर सगळी गल्ली पाण्याकडे पाहायला लागली. पाणी खोल होतं आणि शांत होतं.

"अरे माय वं," गयाबाई म्हणाली, आणि पोरं मोजत मागे घेतली.

संध्याकाळपर्यंत खुर्सीपारमध्ये दोन जहाजं बुडाली. रात्री ती बातमी सुपेल्याला पोचली तेव्हा त्यांत उतारू होते. दुसऱ्या दिवशी चरोद्यात एक अख्खं वऱ्हाड होतं. शामराव सायकल मारत धापा टाकत आला तो दारातूनच म्हणाला, "भाऊजी, खरं सांगा, बँडवाले पोहून निंगाले का नाई?"

जानरावने कपाळावर हात मारून घेतला. ज्या जहाजांच्या जागा चार वर्षांपर्यंत भरल्या होत्या, त्यांतली एकही आता कोणाला नको होती. चौदाही जहाजं बांधायच्या आधीच रिकामी झाली.

वर नोटीस आली. त्या भागातल्या तळी, बोड्या, खदानी यांच्यावर लक्ष ठेवायला 'पाणवठा निगराणी कचेरी' नावाची एक कचेरी होती. तोवर तिला पाण्याने कधी त्रास दिला नव्हता आणि तिने पाण्याला. नोटिशीत विचारलं होतं: जहाज क्रमांक एक व दोन ही पूर्वपरवानगीशिवाय का बुडवण्यात आली?

जानराव धुतलेला सदरा घालून कचेरीत गेला.

"साहेब, ते बुडालेच नाई."

"बुडाले नाहीत? उत्तम. मग हजर करा," बाबू म्हणाला.

"हजर कुठून करू? ते झालेच नाई ना जी."

बाबूने चष्मा कपाळावर चढवला. "तीन नंबर आहे?"

"हव जी, हाये."

"मग एक आणि दोन नसतील कसे? शाळेत गेला होतात ना तुम्ही?"

"तं मंग मी तीनचा आकडा पुसून एक लिहून टाकतो."

"म्हणजे पुराव्यात फेरफार," बाबूने थंडपणे नोंद केली. "आणि दोन नंबरचं काय झालं, हे तर तुम्ही अजून सांगतच नाही आहात."

जानरावने आयुष्यात मोठमोठे बोजे उचलले होते. पण मुळात नसलेली दोन जहाजं वर काढायची म्हणजे दोर बांधायचा कशाला? तो घरी आला तेव्हा मैनाबाई पेटी भरत होती. दसरा झाला होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिलाही काही बोलायचं असावं, पण ती नुसतीच म्हणाली, "तुमचा डबा कोन बनवन आता?" आणि लुगड्याची घडी उगाचच मोडून परत घातली.

चौकशी रविवारीच ठरली, कारण बाकीचा आठवडा साहेबलोक फायलींत बुडालेले असत. तीन साहेब जीपमधून आले. मोठे साहेब मिशीवाले होते. बरोबरच्या दोघांना अजून मिशीचा हुद्दा आला नव्हता. सगळं खुर्सीपार काठावर लोटलं होतं. शामरावही आला होता, बहिणीला आणि तिच्या पेटीला सायकल रिक्षात घालून. गाडी संध्याकाळची होती, आणि अपघाताची चौकशी चालू असताना तिकडे पाठ फिरवून पुढे जाणं गार्डाच्या रक्तातच नव्हतं. मैनाबाई काठावर पेटी ठेवून तिच्यावर बसली, खदानीकडे पाठ करून.

"बुडालेल्या जागेची पाहणी करायची आहे," मोठे साहेब म्हणाले. "कचेरीची नाव आणा."

"आपली नाव तिसऱ्या योजनेत धरली आहे, साहेब," दुसरा साहेब कुजबुजला. "अजून मंजूर व्हायची आहे."

मोठ्या साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, मग तीन नंबरच्या जहाजाकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर परत फिरणं शक्य नव्हतं. अशा रीतीने, एक आणि दोन नंबर कसे बुडाले हे तपासायला आलेली चौकशी समितीच तीन नंबरची पहिली उतारू झाली. शामरावने शिट्टी फुंकली.

आता एक गोष्ट जानरावच्या ध्यानातून पार निसटली होती. जहाज बांधायचं, त्याला नंबर द्यायचा, पासष्ट सालापर्यंतच्या जागा भरायच्या, या सगळ्या धामधुमीत ते चालवायचं कसं, हा विचार त्याने केलाच नव्हता. त्याने एक लांब बांबू घेतला, तळाशी रोवला आणि जोर लावला. रिगरचा जोर तो! जहाज सुसाट निघालं, बांबू चिखलात रुतून बसला, आणि जानराव ना जहाजात ना काठावर, बांबूच्या टोकाला मिठी मारून राहिला.

"अरे थांबा! चालक मागे राहिला!" मोठे साहेब ओरडले.

कोणाला थांबा म्हणत होते, देव जाणे. जहाज गोल गोल फिरत मधोमध चाललं होतं. धाकट्या साहेबाने डोळे मिटून घेतले होते.

"अवं मैनाबाई," गयाबाईने हाळी दिली, "इकडे पाहाय वं! तुह्या घरच्यानं पाण्यात झाड लावलं, अन् फळ आपनच लटकून राहिले!"

मैनाबाईने मागे वळून पाहिलं. बांबू हळूहळू वाकत होता आणि जानराव त्याच्याबरोबर इंचाइंचाने पाण्याकडे नमस्काराला निघाला होता. मैनाबाई दोन वर्षांत भिलाईत हसली नव्हती. ती अशी हसली की पेटीवरून घसरली. हसता हसताच तिने लुगडं खोचलं आणि सूर मारला.

वाचवण्याचा तिचा क्रम पुढे बरेच दिवस खुर्सीपारमध्ये सांगत. आधी बांबू, मग साहेब, मग नवरा. बांबूजवळ पोचून ती म्हणाली, "सोडा जी तो!"

"मैने, मी बुडीन ना!"

"कमरेइतकं पाणी हाये अथी. उभे राहा."

जानराव उभा राहिला. पाणी खरंच कमरेइतकं होतं. त्या क्षणी ते डोक्यावरून गेलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

मैनाबाई बांबू घेऊन पोहत गेली, जहाजावर चढली, "सरका जी बाजूले, धाकटे साहेब, मांडी घालून बसा," म्हणाली, आणि बांबूच्या दोन रेट्यांत फिरणारं जहाज सरळ केलं. मग मात्र तिने ते लगेच काठाला आणलं नाही. कावून, ते तिलाच ठाऊक. तिने ते लांब वळवलं, पलीकडच्या काठाने, सावकाश. वारा सुटला होता. पाण्यात ऊन चमकत होतं. धाकट्या साहेबाने डोळे उघडले. मधल्या साहेबाने बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. मोठे साहेब मिशीवर हात फिरवत काठ न्याहाळत होते.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "त्या कोपऱ्यात पाहिलं का आपण?"

"नाई जी."

"मग तिकडूनही घ्या. तपास नीट झाला पाहिजे."

जहाजाने तीन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे तपास काठाला लागला. मोठ्या साहेबांनी गंभीर चेहरा करून निकाल दिला. जहाज क्रमांक एक व दोन यांचा आज शोध लागला नाही. पाणी विस्तीर्ण आहे. तरी शोध दर रविवारी चालू ठेवावा. समितीच्या घरच्या मंडळींनीही डोळ्यांची मदत करायला हरकत नाही. शिवाय ज्यांनी अपघात प्रत्यक्ष पाहिला असेल, त्यांना जागा दाखवायला जहाजातून न्यावं.

"मी पाहिलं जी साहेब!" गयाबाई पोरांसकट पुढे घुसली. "दोन्ही बुडताना, माह्या या डोयांनी! अन् या पाचहीनं!"

"मीही पाहिलं!"

"माह्या सासूनं तं एक नंबरचं दोनदा बुडताना पाहिलं!"

बघता बघता साक्षीदारांची रांग खदानीला वळसा घालून रस्त्याला लागली. कृष्णराव रांगेच्या कडेने बोटं मोजत धावत होते. "सांगितलं नव्हतं? सांगितलं नव्हतं? आता पुरवठा वाढवा! चार नंबर ताबडतोब पाण्यात पाहिजे!"

जानराव चिखलाने माखलेला, रांगेच्या विरुद्ध दिशेने मैनाबाईजवळ आला. तेवढ्यात शामरावने घड्याळ काढलं.

"मैने, चाल. गाडीचा टाइम झाला."

मैनाबाई पदर पिळत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "दादा, कशी येऊ? चौकशीत बांबू माह्या हाती दिला ना साहेबानं."

"कितीक दिवस चालन म्हंते ही चौकशी?"

मैनाबाईने मोठ्या साहेबांकडे पाहिलं. साहेब बुटाची नाडी बांधत होते. ते दुखावल्यासारखे ताठ झाले.

"गार्डसाहेब," ते म्हणाले, "ही सरकारी चौकशी आहे. तुमची पॅसेंजर गाडी नव्हे, आज ना उद्या कुठेतरी पोचायला."

शामराव जुना नोकरदार. त्याने पेटी उचलून रिक्षात ठेवली, आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "स्टेशन नहीं भैया. वापस क्वार्टर चलो."